ब्लेबेरी पायाखाली होती

“तिथं तुझं आहे कोण?” आई दर फोनला हेच विचारते. ग्लासगोत मला वर्ष होत आलंय. पुण्याच्या ऑफिसने परत येतेस का म्हणून विचारलं होतं, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. असल्या बाबतीत सल्ला मागायला घरात कुणी नाही. शनिवारी ब्लेबेरी, म्हणजे इथली रानटी ब्लूबेरी, तोडायला कोण कोण येणार, असं मी इथल्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. अंगठे भरपूर आले. स्टेशनवर मी एकटीच.

ही फळं डंकेल्ड गावाजवळच्या टेकडीवर मिळतात; ग्लासगोहून तिथे ट्रेनने साधारण दीड तास लागतो. तिकीट आधी काढलंत तर स्वस्त पडतं. ऑगस्टमध्ये जा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कारण मिजेस नावाची चिलटं चावून फोडून काढतात. टेकडीची वाट स्टेशनजवळूनच सुरू होते. थालीपिठं मी चौघांना पुरतील एवढी नेली होती.

चढताना मी बेरी शोधत होते ती खांद्याच्या उंचीवर. जुन्नरकडच्या डोंगरात आईबरोबर करवंदं तोडलेली, त्यामुळे रानातलं फळ म्हणजे काटेरी जाळी, हे डोक्यात पक्कं. कितीतरी वेळ काहीच दिसलं नाही. शेवटी दगडावर बसून एकटीनेच थालीपीठ खाल्लं आणि पुण्याला ‘येते’ म्हणून कळवायला उठून फोन काढला. रेंज नव्हती.

“तू त्यांच्यावरच उभी आहेस,” खालून आवाज आला. उतारावर एक आजी गुडघे टेकून बसल्या होत्या, शेजारी डबा. माझे बूट जांभळे झाले होते. ब्लेबेरीचं झुडूप जेमतेम गुडघ्याएवढं, फळ पानांखाली लपलेलं. दुकानातली ब्लूबेरी आतून पांढरट असते, ही आतपर्यंत जांभळी आणि चवीला जास्त आंबट.

त्यांचं नाव मोरॅग. पूर्वी नवऱ्याबरोबर यायच्या, आता एकट्या येतात. झुडूप ओरबाडायचं नाही, पक्ष्यांसाठी थोडी ठेवायची, एवढंच त्यांनी सांगितलं. थालीपीठ तिखट आहे म्हणाल्या आणि दुसरं मागून घेतलं. वरच्या अंगाला लाल काउबेरी होतात, इकडे त्या मांसाबरोबर खातात, असंही कळलं. आमच्याकडे असल्या आंबट फळांचं लोणचं घातलं असतं, मी म्हणाले.

“मग घाल. सप्टेंबरात पिकतात.”

“मी तेव्हा इथे असेन की नाही, माहीत नाही.”

त्यांनी मान वर केली नाही. “बेऱ्या असतील,” म्हणाल्या.

रात्री पाणी न घालता, साखर आणि लिंबू घालून जॅम शिजत ठेवला. आईला व्हिडिओवर जांभळी झालेली जीभ दाखवली. “करवंदं कुठे मिळाली गं?” म्हणत ती हसली, आणि मग पुन्हा तोच प्रश्न. मी जॅम ढवळत राहिले. फोन ठेवल्यावर फ्लॅटमध्ये फक्त त्या रटरटण्याचा आवाज होता.

सोमवारी सकाळी पुण्याला ‘येत नाही’ कळवलं. संध्याकाळी जाऊन मोहरीची डाळ आणली.