सुईला भिणारा फकिरा

चिकलठाण्यात जालना रोडला लागून एक तीस खाटांचं हॉस्पिटल होतं. कुणाचं बोट मशीनमध्ये सापडलं, कुणाला पत्रा लागला, की कारखान्यातली माणसं तिथं यायची. इंजेक्शनला घाबरणारा गडी आला की सिस्टर हाक मारायच्या, "फकिरा, ये रे इकडं!" मग दाराएवढा वॉर्डबॉय फकिरा यायचा, पेशंटचा दंड पंजात धरायचा आणि लांडग्यानं कळपात शिरून काय धुमाकूळ घातला ते सांगायला लागायचा. लांडगा पळून जाईस्तोवर सुई टोचून झालेली असायची. टोचतेवेळी फकिराचे स्वतःचे डोळे गच्च मिटलेले असतात, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

फकिरा मेंढपाळाचा पोरगा. लहानपणी लस टोचणारी माणसं वस्तीवर आली की हा बाभळीवर चढून बसायचा. काट्यांचं भय नाही, सुईचं लई. पुढं चराईची रानं कारखान्यांखाली गेली, मेंढरं विकली, आणि फकिरा बायको साळूबाई अन् दोन पोरींना घेऊन मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत आला.

त्र्याण्णव सालच्या जुलैतली गोष्ट. सकाळी कचऱ्याची पिशवी उचलताना आतली वापरलेली सुई प्लॅस्टिक फोडून त्याच्या अंगठ्यात घुसली. रक्ताचा थेंब आला. त्यानं सुई उपसून पिशवीत टाकली, अंगठा पॅन्टला पुसला आणि चालू लागला. पण गीताबाई सिस्टरनं पाहिलं.

"काय टोचलं?"

"काय नाय. खिळा व्हता."

"खिळ्याला सिरिंज कधीपासून लागायली?"

त्यानं अंगठा तोंडाकडं नेला, तशी तिनं हातावर चापट मारली. नळाखाली धरून साबणानं स्वच्छ धुवायला लावला आणि त्याला थेट डॉक्टर कादरींपुढं उभा केला.

"पैलवान, ही सुई कुणाची ते कळायला मार्ग नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पिशवीत चाळीस सुया आहेत. म्हणून तपासायचं तुलाच. आज, दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. आणि रक्तातून लागणाऱ्या काविळीच्या लसीचे तीन डोस."

फकिरानं बोटं मोजली. "एका सुईपायी सात सुया?"

"हो. रोग अंगात शिरला तरी रक्तात दिसायला वेळ लागतो. आजचं रक्त फक्त आधीचं काही नाही ना, तेवढं सांगेल. घाबरू नको. ती सुई एड्सच्या पेशंटची असली, तरी अशी सुई लागलेल्या हजारांत तिघांना लागण होते. काविळीचा धोका त्याहून पुष्कळ जास्त, पण तिला लस आहे. सहा महिने रक्तदान नाही, आणि घरी निरोध वापरायचा. बाकी खा, पी, पोरींना कडेवर घे."

रक्त काढायला सुई जवळ आली आणि फकिरा स्टुलासकट आडवा झाला. सगळा वॉर्ड हसला. शुद्धीवर आल्यावर तोही हसला.

घरी मात्र त्याला हसू येईना. डॉक्टरबाईंचं बोलणं डोक्यात शिरलं होतं, मनात उतरलं नव्हतं. त्यानं आपलं ताट-तांब्या वेगळा केला, पोरींना जवळ घेईना. तिसऱ्या दिवशी सकाळी साळूबाईनं वाट अडवली. "आवं, काऊन असं करायलेत? माझं काय चुकलं?"

त्यानं भिंतीकडं तोंड करून सगळं सांगितलं. निरोधचं पाकीट तर न बघताच तिच्या हातात दिलं.

साळूबाईनं भाकरीचं फडकं बांधलं, त्याचं वेगळं ठेवलेलं ताट घेतलं आणि त्याच्याबरोबर हॉस्पिटल गाठलं. "डाक्टरीणबाई, ह्यांच्या ताटात जेवल्यानं मला कायी व्हतं का?"

"काहीसुद्धा नाही."

"पोरींनी गळ्यात हात घातला तर?"

"तरीही नाही."

"मंग बसा," ती नवऱ्याला म्हणाली. तिथंच बाकड्यावर त्याच ताटात भाकरी कुस्करून तिनं स्वतः खाल्ली आणि त्यालाही खायला लावली. फकिरानं बाहीनं डोळे पुसले आणि पुढचा घास घेतला. तेव्हापासून दर तपासणीला दंड धरायला साळूबाई. लांडग्याची गोष्टही तीच सांगायची, पण तिच्या गोष्टीतला लांडगा सुई निघेपर्यंत जाता जात नसे.

वाट पाहता पाहता फकिरानं एक काम काढलं. रंगाचे रिकामे जाड डबे मिळवले, झाकणाला भोकं पाडली आणि प्रत्येक वॉर्डात एकेक ठेवला. वापरलेली सुई टोपण न लावता सरळ डब्यात. पिशवीत टाकणाऱ्याला तो आपला टोचलेला अंगठा दाखवायचा. नव्या डॉक्टरांनाही सोडायचा नाही.

दीड महिन्याचा रिपोर्ट चांगला आला, तीन महिन्यांचाही. तरी दिवाळी झाल्यावर एकदा तो खचून बसला. गीताबाई शेजारी टेकली. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हा उसळलेल्या दंगलीत गावातल्या दलित वस्तीतलं तिचं घर जाळलं होतं. शाळकरी पोर होती ती.

"आमी पंधरा वर्षं एका नावापायी थांबलोत फकिराभाऊ. तुमाला अजून दोन महिने निघंनात?"

 फकिरा उठून कामाला लागला.

संक्रांतीच्या दिवशी नामांतराची घोषणा झाली. शहरभर पोलीस, निळे झेंडे, गुलाल. गीताबाई ड्यूटीवर आली ती तिळगूळ आणि पेढे दोन्ही घेऊन. वाटता वाटता रडत होती, हसत होती. फकिरानं दोन पेढे एकदम तोंडात टाकले.

सोमवारी शेवटचा रिपोर्ट आला. डॉक्टर कादरींनी तो दोनदा वाचला. "एचआयव्ही नाही, कावीळ नाही. पैलवान, सुटलास!"

फकिरानं भर वॉर्डात साळूबाईला उचललं. "आवं, सोडा! लोक बघायलेत!" ती ओरडत राहिली, प्लास्टरातले पेशंट टाळ्या पिटत राहिले.

"लसीचा तिसरा डोस राहिलाय," डॉक्टरबाईंनी आठवण करून दिली.

"द्या आत्ताच!" बाही वर करून तो म्हणाला. डोळे मिटलेच, पण स्टुलावरून पडला नाही.

रविवारी त्याचे भावबंद ढोल घेऊन मुकुंदवाडीला आले. साळूबाईनं पुरणपोळ्या केल्या. गीताबाई पदर खोचून नाचणाऱ्या बायकांच्या फेरात शिरली. डॉक्टर कादरी खुर्चीवर बसून नुसत्या ताल धरत होत्या. फकिराच्या धाकट्या पोरीनं हात ओढला तशी चपला काढून त्याही उठल्या, आणि तीन पावलांत त्यांचा ठेका चुकला.