पुलावरून मागे वळवलेली बाई

बंगळूरजवळ आनेकलच्या पुढे एक जुनी रेल्वेलाइन आहे. गाड्या बंद होऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी रूळ काढून तिथे सायकलींसाठी गुळगुळीत रस्ता केला. सर्जापूर रोडच्या आमच्या सोसायटीतला मराठी ग्रुप एका रविवारी तिकडे निघाला, तशी मीही गेले. मी निपाणीकडची, कन्नड येणारी; बाकी सगळे पुण्या-मुंबईचे.

वाटेत लोखंडी पूल लागतो. खाली पूर्वी ओढा होता म्हणे. आता काळं, फेसाळलेलं सांडपाणी वाहतं. वास असा, की मी नाकाला रुमाल लावला. तरी आमच्या म्होरक्याला तिथेच व्हिडिओ हवा होता. सगळ्यांनी ओळीने पूल ओलांडायचा, मध्ये कुणी यायचं नाही.

तेवढ्यात पलीकडून एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन पुलावर आली. म्होरक्या हिंदीत ओरडला आणि हाताने तिला मागे हो, मागे हो म्हणून खुणावू लागला. ती वळली, उतारावरून खाली गेली आणि अलीकडे यायला थेट त्या घाणीत शिरली. गुडघाभर. फेस तिच्या लुगड्याला चिकटत होता.

"चला, फ्रेम क्लिअर झाली," म्होरक्या म्हणाला.

नाल्याच्या वासापेक्षा मला त्या वाक्याची किळस आली.

मी सायकल टाकून पूल ओलांडला आणि तिच्या बाजूने खाली धावले. कन्नडमध्ये हाक मारली, "अक्का, वर या. पूल चांगला आहे."

ती मागे फिरून काठाला आली. मग मला परत का पाठवलं, असं तिने विचारलं. फोटो काढायचे होते, मी सांगितलं. तिने वर पुलाकडे पाहिलं.

"गाडी होती तेव्हा शिटी तरी द्यायची," ती म्हणाली.

बाटलीतल्या पाण्याने मी तिचे पाय धुतले. पाणी पुरलं नाही. मग भाऱ्याला हात देऊन तिला पुलावरून अलीकडे पोचवलं, मधोमध चालत. सायकली अडून राहिल्या.

"अगं, ती दोन मिनिटं थांबली असती तर काय बिघडलं असतं?" म्होरक्या म्हणाला.

"मग तू थांब," मी म्हटलं.

संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं: निसर्गाच्या कुशीत. चाळीसेक अंगठे पडले होते. मी ग्रुप सोडला. सायकल मात्र आठवडाभर तशीच, माझ्या पायांवरून लागलेल्या नाल्याच्या चिखलाने माखलेली उभी होती. तिला हात लावावासा वाटेना. शेवटी नवऱ्याने धुतली.