ॲडमिनिस्ट्रेटर रुसलाय!

हळ्ळीखेडला स्टँडाजवळ आपलं कॉम्प्युटर रिपेरीचं दुकान हाय. शाळा सातवीतच सुटली. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करता करता ह्यात शिरलो. दुकानात दोनच चीजा साचतेत, धूळ आन् किस्से. धूळ तरी फुंकून उडवता येतीय!

एकदा मास्तर नवा प्रिंटर घेऊन आले. सॉफ्टवेअर टाकाय गेलं की त्यांचा लॅपटॉप अडवायचा, "हे बनवणारा ओळखीचा न्हाई." पुन्हा टाकलं, पुन्हा तेच! डोकं फिरलं माझं. लॅपटॉपवरच वरडलो, "ओळख कामून पाहिजे बे तुला? पोरगी द्यायलास का त्याला?"

मास्तर घाबरून उठले. "अण्णा, जरा हळू! अजून वारंटीत हाय!"

*

एका चाचाला कन्नड टायपिंग पाहिजे होतं. मी टाकायचं, आन् अँटिव्हायरसनं पुसायचं. बरं, तो अँटिव्हायरस बी मीच बसवलेला! चाचा सगळं बघत बसलेले. म्हनले, "अरे भाई, रखवाली कू रखे सो इनेच घरवालों कू भगा रा!"

*

शेजारची अक्का फोन घेऊन आली. मेसेजमधून आलेलं कायतरी ॲप बसत नव्हतं.

म्हनलो, "अक्का, फोन विचारायलाय, पाठवणाऱ्यावर भरोसा हाय का? कोण पाठवलंय?"

"धाकट्या दिरानं."

"मग व्हय म्हनू का?"

"येडा हायस का? न्हाई म्हन! फोनला कळतंय, तुला कळंना!"

*

शेतकी सोसायटीच्या सेक्रेटरीचं कॉम्प्युटर म्हणजे म्हातारं खोड. आतली बॅटरी मेलेली, म्हणून तारीख कैक साल मागं गेलेली. नवं सॉफ्टवेअर घेईना. घेणार कसं? त्याच्या हिशोबानं ते अजून जन्मलंच न्हाई! मी तारीख दुरुस्त कराय लागलो तर सेक्रेटरीनं माझा हातच धरला.

"ऱ्हाऊ द्या की अण्णा! ह्याच्या हिशोबानं मला रिटायर व्हायला लई टाइम हाय!"

*

आन् परवाचं ऐका. आमच्या गल्लीतले अप्पा, त्यांची पोरगी सुजाता. तिची नोकरीची परीक्षा, घरी बसून लॅपटॉपवर द्यायची, अकराला सुरू. त्याच्यासाठी एक सॉफ्टवेअर टाकावं लागतंय. साडेधाला दोघं पळत दुकानात. पोरगी रडकुंडीला आलेली.

बघितलं तर लॅपटॉप म्हनायलाय, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाका, त्याबिगर काय बी आत घेणार न्हाई.

"ॲडमिनिस्ट्रेटर कोण हाय?"

सुजाता म्हनली, "दाजी. त्यांचाच जुना लॅपटॉप हाय. हैद्राबादला असतेत."

"मग लाव की फोन!"

अप्पा हळूच म्हनले, "जावई रुसलाय. नातवाच्या जावळाला दोन्ही जावई मटणाच्या पंगतीला होते. हा जेवून उठला, ह्या लॅपटॉपवर कायतरी टायपून गेला, तवापासून आमचा फोन घेईना. कशावरून रुसलाय ते बी कळंना."

माझ्या फोनवरून लावला, स्पीकरवर. उचलला!

"दाजी, मी सुजाता. पासवर्ड सांगा ना, अकराला परीक्षा हाय."

"अप्पा हायत का तिथं? तेन्ला मागू दे."

अप्पा ताठले. "मी कामून मागू? माझं काय चुकलंय?"

आता माझं टाळकं सटकलं. "अप्पा, पोरीनं सालभर अभ्यास केलाय! मिशीला पीळ मग द्या, आधी बोला!"

अप्पांनी फोन हातात घेतला. "जावईबापू, काय चुकलं असंल तर पोटात घाला."

"मी कुठं रुसलोय?" जावई म्हनला. "घ्या पासवर्ड."

तो एक-एक इंग्लिश अक्षर सांगाय लागला, मी टायपाय लागलो. पासवर्ड कसला, मालगाडीच ती! संपता संपंना. शेवटी एकदाचं उघडलं. सॉफ्टवेअर आत गेलं, सुजाताचा जीव भांड्यात पडला. आन् एकदम फिसकन हसली.

"काय झालं गं?"

"अप्पा, ती सगळी अक्षरं जोडली मी. पासवर्ड हाय, 'नळी साडूला वाढली'!"

अप्पांनी फोन तोंडाजवळ धरला.

"जावईबापू, रविवारी या. बोकड कापतो. ह्या टायमाला सगळ्या नळ्या तुमच्याच ताटात."

मग जावई म्हनला,

"येतो. पण पासवर्ड जेवल्यावरच बदलणार!"