इनोमाताचं स्टेशन

आमच्या कामिनासे स्टेशनाचं दार गावाकडे नाही. गाव एकीकडे आणि दार भलतीकडेच. दारातून बाहेर पडलं की समोर इनोमाता घराण्याचं दारूचं जुनं गोदाम, आणि त्यामागे डोंगर. गावात यायचं तर रुळांच्या कडेकडेने खाली फाटकापर्यंत जायचं, फाटक ओलांडायचं आणि तेवढंच परत वर चढायचं. माझं सोबाच्या शेवयांचं दुकान रुळांच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, अगदी स्टेशनासमोर. गिऱ्हाईक गाडीतून उतरताना मला दिसतं, हात करतं, आणि दुकानात पोचेपर्यंत त्याची भूक मेलेली असते.

हा उपद्व्याप शिगेहारु इनोमाताच्या आजोबांचा. रेल्वे आली तेव्हा स्टेशनासाठी जागा त्यांनी फुकट दिली म्हणे. फुकट कसली डोंबलाची! अट घातली होती, की दार आमच्या गोदामासमोरच हवं. तांदळाच्या दारूची पिंपं गोदामातून उचलायची आणि थेट डब्यात. पुढे धंदा बुडाला, गोदामात वटवाघळं राहायला आली, पण दार जिथल्या तिथे. आणि हा नातू त्यावर फलक लावतो, 'इनोमाता कुटुंबाचा त्याग'. म्हणजे पायपीट आमची आणि त्याग ह्यांचा!

आता ह्या शिगेहारुचं ऐका. ह्याने रेल्वेत एक दिवस नोकरी केलेली नाही. जन्मभर शेतकी सोसायटीत खताची पोती मोजली. हा रिटायर झाला त्याच सुमाराला रेल्वे कंपनीने स्टेशनावरचा शेवटचा माणूस काढून घेतला आणि तिकिटाच्या खिडकीला फळी ठोकली. खुर्ची रिकामी दिसली, हा बसला. रेल्वेच्या मोडीत काढलेल्या सामानातून टोपी आणली, पांढरे हातमोजे आणले, साखळीचं घड्याळ आणलं, आणि 'स्टेशन जतन मंडळ' काढलं. अध्यक्ष कोण? हाच. सभासद कोण? ज्यांना नाही म्हणायची लाज वाटली ते सगळे.

गाडी आली की हा फलाटाच्या कडेला टाचा जुळवून उभा. बोट रोखून खणखणीत आवाजात ओरडणार, "रूळ मोकळा! दार बंद! सिग्नल बरोबर!" आमच्याकडे एका डब्याची गाडी, आत ड्रायव्हर एकटा. तोही बिचारा तसंच बोट रोखून तेच म्हणायचा, पण त्याला त्याचा पगार मिळतो. ह्याला कोण देत होतं? ह्याची बायको माझ्याकडे शेवया खाताना म्हणायची, "किनुयो, घरात गॅस बंद केला का म्हणून विचारलं तर हे जागचे हलत नाहीत गं."

मला तो मिरवतो ह्याचं काही नव्हतं. मिरव बापड्या. पण त्याने वाट अडवली तेव्हा माझं डोकं फिरलं.

पूर्वी इथे दोन फलाट होते. वरची गाडी आणि खालची गाडी इथे एकमेकींना वाट द्यायच्या. मग गाड्या कमी झाल्या, गावाकडचा रूळ उखडला, त्या जागी गवत माजलं. गावाकडचा रिकामा फलाट मात्र राहिला. त्यावर चढायचं, टोकाच्या पायऱ्या उतरायच्या, गवतातल्या फळ्यांवरून रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर जायचं, अशी आमची सोयीची वाट होती. ह्या शहाण्याने तिथे दोरी बांधली आणि पाटी टांगली, 'ऐतिहासिक फलाट. पाय ठेवू नये.'

हात्सुए आजी माझी शेजारीण. एकटी राहायची. किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा गाडीने शहरात जाऊन डायलिसिस करून घ्यायची. बस कधीच बंद झालेली. योकोहामाचा मुलगा तिला सारखं म्हणायचा, घर विकून माझ्याकडे ये. आजी म्हणायची, "गाडी आहे तोवर मी इथेच. मला ह्याच घरात मरायचंय." गुडघ्यांना त्या फाटकाच्या फेरीने नको नको व्हायचं, पण तक्रार करणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

एकदा मीच तिला हाताला धरून त्याच्यासमोर उभी केली. आजी कमरेत वाकून म्हणाली, "इनोमाता-सान, तुम्हाला त्रास देते, माफ करा. तेवढी दोरी काढता आली तर..."

"आजी, हा फलाट आपला इतिहास आहे," तो म्हणाला. "इतिहास चपलांनी तुडवायचा का?"

"मग फाटकावरून तिला पाठुंगळी न्या," मी म्हटलं. "तुमच्या इतिहासाला काही काम तरी लागेल."

"किनुयोबाई, तुम्ही आपल्या शेवया उकडा."

आजीने उलट त्याचीच दोनदा माफी मागितली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या शरद ऋतूत कंपनीने कळवलं, की अमुक दिवशी आमची माणसं येऊन उतारू मोजतील आणि स्टेशन ठेवायचं की बंद करायचं ते ठरेल. ह्यात नवीन काही नव्हतं. आसपासच्या गावांनी हे असंच निभावून नेलं होतं. मोजणीच्या दिवशी अख्ख्या गावाने गाडीत चढायचं, पुढच्या स्टेशनावर चहा प्यायचा आणि परत यायचं. कंपनीलाही माहीत असतं, पण आकडा तो आकडा. करायचं काय, तर नुसतं चढायचं. त्याला काय अक्कल लागते?

पण इनोमाता म्हणाला, "नियोजन माझ्याकडे."

त्या सकाळी अख्खं गाव आलं. देवळातले भिक्षू आले, न्हावी दुकान बंद करून आला, हात्सुए आजी ठेवणीतला किमोनो नेसून आली. आणि ह्या माणसाने काय केलं असेल? माळ्यावरून तिकीट तपासायचा जुना लाकडी कठडा काढून फलाटाच्या दारात मांडला. पुठ्ठ्याची आठवणीची तिकिटं छापली होती. एकेकाला तिकीट द्यायचं, जुन्या चिमट्याने त्याला भोक पाडायचं, वाकून म्हणायचं, "कामिनासे स्टेशन आपलं आभारी आहे." समोरच्याने वाकायचं, परत ह्याने वाकायचं. भिक्षू तर वाकले ते उठेचनात. मागे रांगेत वेगळंच चाललेलं.

"तुम्ही आधी."

"छे छे, तुम्ही आधी."

गाडी आली. दार उघडलं. कंपनीची दोन माणसं हातात मोजणीची यंत्रं घेऊन उभी. चढले किती, तर एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. बाकी गाव कठड्याच्या अलीकडे, शिस्तीत.

"अहो, चढा ना! घुसा बाजूने!" मी ओरडले.

सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मीच सगळ्यांची अब्रू घालवली. कठडा कमरेएवढासुद्धा नव्हता. बाजूने म्हैस जाईल एवढी जागा. पण तिकिटाला भोक पडल्याशिवाय फलाटावर पाय टाकायचा नाही, हे आमच्या हाडीमांसी भिनलेलं. मेंढरं बरी, ती निदान धक्काबुक्की करतात.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "थोडं थांबू का?" भला माणूस, त्याला कळत होतं.

इनोमाताने घड्याळ बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "कामिनासेहून गाडी कधी उशिरा सुटलेली नाही!" चिमटा टाकून तो फलाटाच्या कडेला धावला. टाचा जुळवल्या. बोट रोखलं. "रूळ मोकळा! दार बंद! सिग्नल बरोबर!" आणि हात वर केला. ड्रायव्हरचा हात सवयीने चालला, दार बंद झालं, गाडी सुटली.

आणि आमच्या गावाने काय केलं? गावाने त्या गाडीला वाकून निरोप दिला. हात्सुए आजी रांगेत सगळ्यात शेवटी होती. सगळ्यांना पुढे जा म्हणत म्हणत ती तिथे पोचली होती. पुढची गाडी दुपारनंतरची, तोवर जो तो भातकापणीला निघून गेला.

बर्फ पडायच्या आत निकाल आला. स्टेशन बंद.

माझा समज होता की आता तरी हा तोंड लपवील. कसलं काय! कंपनीने इमारत मंडळाला देऊन टाकली आणि हा संग्रहालयाचा प्रमुख झाला. बाकांना रोगण काय, काचेचं कपाट काय, चिमटा मखमलीवर काय! मला म्हणाला, "आता कसं स्वच्छ राहील. चिखलाचे पाय नाहीत." खरंच असं म्हणाला, माझ्या तोंडावर. निर्लज्जपणा म्हणावा तर तेवढी अक्कलही त्याला नव्हती.

आजीचा मुलगा मोटार घेऊन आला. घराला कुलूप लागलं. आम्ही सगळे दारात जमलो. आजी मोटारीत बसली, मी खिडकीतून तिचा हात धरून उभी होते आणि मला रडू आवरत नव्हतं. तेवढ्यात हा टोपी, हातमोजे घालून हजर. मोटारीच्या खिडकीशी येऊन कमरेत वाकला.

"आजी, गावाची आठवण आली की केव्हाही या. आपलं स्टेशन तुमच्यासाठी कायम उघडं आहे."

आजीने त्याच्याकडे बघितलं. उभ्या जन्मात तिने कुणाला वाकडा शब्द बोललेला नव्हता, आणि आत्ताही आवाज तसाच मऊ होता.

"कशाने येऊ?" तिने विचारलं.

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं, म्हणून ती काच खाली ठेवून थांबली. इनोमाताने साखळीचं घड्याळ काढून बघितलं. शेवटी मुलानेच काच वर घेतली आणि मोटार सुरू केली.