नोटिशीतलं नेहमीचं वाक्य

राही वकीलबाईंना कोर्टाच्या बाररूममध्ये ‘फेरीवाली’ म्हणतात. म्हणोत बापडे! मी सखाराम, राजापूरच्या कोर्टाबाहेर तीस वर्षं टायपिंग करतोय. वकील कोणाला म्हणायचं ते मला शिकवू नका.

काशीचं प्रकरण ऐका. तिच्या नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला रत्नागिरीला न्यावं लागतं. घरातून रस्त्याला लागायची वाट शेजारच्या महिपतच्या काजूच्या बागेतून. गुरं आत शिरू नयेत म्हणून त्याने काट्यांचं कुंपण घातलं आणि वाट अडली, तशी काशी एका बड्या वकिलांकडे गेली. त्यांनी नोटीस धाडली. महिपतने काय केलं? कुंपण काढून तिथे चिऱ्यांचा गडगाच बांधला, छातीएवढा! आता चौघांनी आजाऱ्याला खुर्चीत बसवून कातळावरून वळसा घालायचा. एकदा तर तो वाटेतच बेशुद्ध पडला.

काशी रडत बाररूममध्ये राहीबाईंकडे आली. ते बडे वकील तिथेच होते. बाईंना म्हणाले, "दावा ठोक. जुनी वहिवाट आहे, जिंकशील."

"जिंकेन हो, पाच-सात वर्षांनी," बाई म्हणाल्या. "हिच्या नवऱ्याला गुरुवारी डायलिसिसला जायचंय. मी महिपतकडे जाते."

"वकील समोरच्या पार्टीच्या दारात जातो? लाज आणलीस!"

"त्याने वकील केलेला नाही. मला कोण अडवतो बघू."

पहिल्या दिवशी महिपतने फाटकातूनच हाकललं. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर. ओट्यावर बसल्या. कलमं नाहीत, हक्क नाहीत. एवढंच विचारलं, "महिपतदादा, इतकी वर्षं वाट दिलीत. मग एकाएकी गडगा का?"

हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो आत जाऊन नोटीस घेऊन आला. ‘आपण आडदांड, खोडसाळ व कायदा न जुमानणारे इसम असून...’ नोटीस आली तेव्हा लेकीचे सासरे घरी होते. महिपतला वाचता येत नाही. व्याह्यांनीच मोठ्याने वाचली, लेकीसमोर.

बाई ती नोटीस घेऊन थेट माझ्या टेबलाशी आल्या; टाईप मीच केली होती. "सखारामकाका, हे वाक्य कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? सगळ्याच नोटिशीत असतं. मीच टाकतो."

"चला, हेच त्यांना येऊन सांगा."

मी भडकलो. खाली सही वकिलाची आणि माफी टायपिस्टने मागायची? पण बाईंनी आवाज चढवला नाही, आणि हलल्याही नाहीत. शेवटी मीच कॉम्प्युटर बंद केला.

महिपतला सांगितलं, ते वाक्य माझं, सगळ्याच नोटिशीत टाकतो. खरं सांगतो, शरम वाटली.  महिपत म्हणाला, "म्हणजे तू मला ओळखत पण नव्हतास?"

"नाही, दादा. चुकलं माझं."

"आणि काशीने काय लिहायला सांगितलं होतं?"

"वाट मोकळी करा. एवढंच."

तो उठला, पहार घेतली, आणि खुर्ची जाईल एवढे चिरे आमच्यादेखत काढले. वाटेचा कागद बाईंनी नंतर केला, तोही त्याच्याच ओट्यावर बसून. गुरुवारी काशीच्या नवऱ्याची खुर्ची धरायला महिपत स्वतः होता.

परवा ते बडे वकील माझ्याकडे आले. "सखाराम, नोटीस घे. नेहमीचं वाक्य टाक."

"ज्याला धाडताय, त्या माणसाला भेटलायत?"

"मी काय फेरीवाला आहे?"

मी खुर्ची सोडून उठलो. "बसा इथे. ते वाक्य तुमच्या बोटांनी टाईप करा. आणि मग त्याच्या घरी जाऊन, त्याच्या लेकीसमोर मोठ्याने वाचून दाखवा."