राखेनं घासलेल्या बाटल्या

विद्यापीठातल्या त्या बाई पलूसला आमच्या शाळेत यायच्या, पाणी तपासायच्या बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. काहीही विचारा, चष्मा पुसत म्हणणार, "बघूया की." मला, विज्ञानाच्या मास्तराला, याचा भारी राग यायचा.

एकदा मुलींनी त्या बाटल्यांतून ओढ्याचं, विहिरींचं पाणी आणलं. प्रत्येक बाटलीत तांबडा लिटमस निळा झाला.

"सगळं पाणी खारानं बिघडलंय," मी जाहीर केलं.

बाईंनी चष्मा पुसला. "बघूया की."

मुली कुजबुजल्या, पळाल्या, या वेळी नुसत्या पाण्यानं विसळलेल्या बाटल्या भरून घेऊन आल्या. लिटमस तांबडाच राहिला.

"बाई, पाणी चांगलं हाय! आमीच बाटल्या राखंनं घासल्या हुत्या, तिचाच खार लागला!"

बाईंनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारचा वर्ग धावत आला.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर नियम लिहिला. पोरी एका सुरात ओरडल्या, "सर, बघूया की!"

मी खडू ठेवला आणि चष्मा काढून पुसायला लागलो.