सुईनं टोचलेली पानं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा मनातल्या मनात एवढी जागा ओलांडून पुढे जाते. मग तुम्हालाच का? ठाऊक नाही. तुम्ही वाचणारे आहात आणि हे एका पुस्तकाबद्दल आहे — बस, एवढंच.

सिकंदराबादच्या मिशनच्या शाळेतून मी बीडला परत आले तेव्हा सोळा वर्षांची होते. वडील वकील. कचेरीत त्यांची उर्दू, घरात मराठी, आणि पाहुणे आले की माझं इंग्रजी. माझ्या पेटीत बावीस इंग्रजी पुस्तकं होती. त्यांच्याबद्दल बोलायला कुणी नव्हतं. तसं मला बोलणं जमतही नाही. मी बघत बसते.

शेजारच्या वहिनींनी मला त्यांच्यात ओढलं. चार-पाच बायका होत्या, वाचणाऱ्या. वहिनींचा भाऊ नगरहून येताना मराठी कादंबरी आणायचा, कडा गावाच्या वाटेनं, बाजरीच्या पोत्यात घालून — संस्थानच्या हद्दीवरच्या नाक्यावर शिपायाला बाहेरचा छापील कागद दिसला की तो अर्धा दिवस बसवून ठेवी. मग ते एकच पुस्तक हळदीकुंकवाला जाता-येता ओटीच्या तांदळाखालून घरोघर फिरे. सासवांसमोर त्यावर बोलणार कसं? म्हणून एक रीत पडली होती. ओळ आवडली की तिच्या शेजारी कुंकवाचं बोट टेकवायचं. पुढचीला कळायचं, मागची इथे थांबली होती.

सरूआक्का या रीतीत बसत नव्हती. मागच्या गल्लीतल्या देशमुखांची ती धाकटी सून. नवऱ्यानं तिला अक्षरं शिकवली आणि दोन वर्षांत तो तापानं गेला. विधवेला हळदीकुंकवाला कोण बोलावणार? मला ती दुपारच्या पुराणाला देवळाच्या पायरीवर भेटायची. एकदा माझ्या पदराआडून पुस्तकाचा कोपरा दिसला तिला. मी दिलं. आठ दिवसांनी परत करताना म्हणाली, "माय, ही लिहिनारी बाई मला कवा भेटली गं? माज्या मनातलं तिला कुनी सांगितलं?"

शाळेत आम्ही पुस्तकांवर निबंध लिहिले होते. असं काही मला सुचलं नव्हतं.

कुंकवाला ती हात लावू शकत नव्हती. तिनं सुईनं टोचलं होतं — ओळीच्या बाजूला एकेक बारीक भोक. पान उन्हात धरलं की ती भोकं चमकायची. आम्ही सगळ्या रडण्याच्या जागी थांबायचो. ती भलत्याच ठिकाणी थांबलेली असे — कुणी उंबऱ्यात उभं राहून आत गेलंच नाही, अशा एखाद्या ओळीपाशी.

तेव्हापासून नवं पुस्तक आधी माझ्याकडे येई, तिच्या बोटांना कुंकू लागू नये म्हणून मी ते कोरं तिला देई, आणि तिचं झालं की बाकीच्यांना. आधी ती, मग कुंकू. हा नियम मीच केला होता.

आणि तो मोडलाही मीच. एक कादंबरी मला फार आवडली — इतकी, की माझी निवड तिनं पाहावी असं वाटलं. माझ्या ओळीपाशी तीही थांबते का, ते मला हवं होतं. मी सात-आठ ठिकाणी बोट टेकवलं आणि पुस्तक तिला दिलं.

ते तिच्या थोरल्या दिराला ज्वारीच्या कणगीमागे सापडलं. तिच्या बोटांना कुंकू लागलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या ओसरीवर आला. वडिलांनी मला बाहेर बोलावलं. तो माझ्याकडे न बघता बोलला. "वकीलसाब, आमची म्हनती देवळात सापडलं. लोक म्हनत्यात, तुमच्या ह्या लेकीच्या हातात बघितलं. ह्ये कुकू तुमच्या लेकीचं असंल तर सांगा, मी हितंच इसरतो. न्हाईतर मग आमच्या घरातलीनंच हात लावला."

इतकं सोपं होतं. एक शब्द. हो.

मी म्हणाले, "मी इंग्रजी वाचते. असली पुस्तकं मी नाही वाचत."

वडील हसले, मोठ्या अभिमानानं. "आमची मेमसाहेब आहे ती," म्हणाले. दिरानं विडा घेतला, पुस्तक काखेत मारलं आणि गेला.

कशाला भ्याले मी? वडिलांच्या रागाला, असं म्हणता आलं असतं; पण त्यांनी मला कधी आवाज चढवून हाक मारली नव्हती. माझी पेटी बंद होईल याला भ्याले — हे खरं आहे. आणि दुसरंही खरं आहे: मराठी कादंबरीवर बोटं टेकवणाऱ्यांत माझं नाव यावं, याची मला लाज वाटली. जे मी सगळ्यांत जिवापाड वाचत होते, त्याची.

पुस्तक पाणी तापवायच्या चुलीत गेलं. सरूआक्काला कड्याजवळच्या त्यांच्या मळ्यावर पाठवलं, मेंढ्यांमागे. गाडी आमच्या दारावरून गेली. मी खिडकीत होते. तिनं वर पाहिलं नाही. एवढ्या दिवसांत तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर सुटली असती.

वहिनींनी विचारलं, "तू दिलं होतंस का गं तिला?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या वेळेला काहीच जड गेलं नाही.

पुढे एकदा त्या बाजूची घोंगड्या विकणारी बाई दारी आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मळ्यावर कुणी वाचणारी बाई आहे का. ती हसली. "कशाचं वाचन माय. तितं कागुद बी न्हाई. एक हाय मुकी, मेंढरं राखती." सरूआक्का मुकी नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही. घोंगडी घेतली.

आता सात वर्षं झाली. मी लग्न होऊन औरंगाबादेत आहे. त्या पहिल्या पुस्तकांपैकी एक माझ्याकडे राहिलं. पान उन्हात धरलं की तिच्या जागा अजून दिसतात. मी एकदाच धरलं.

इथेही दुपारी बायका जमतात, आणि इथे कुंकवाआड लपवावं लागत नाही. एकमेकींना उघड विचारतात, तुझा लेखक कोणता, तुझं पुस्तक कोणतं. गेल्या आठवड्यात मुन्सफांच्या पत्नींनी मला विचारलं, मराठीत तुम्हाला कुणाचं आवडतं? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. एक नाव होतं तोंडाशी.

मी म्हटलं, मराठी मी फारसं वाचत नाही.